सोबतीची खुर्ची

१

आमच्याकडे आजारी माणूस दवाखान्यात एकटं येत नाही. बरोबर कोणीतरी असतंच. बायको, बहीण, सासू, शेजारीण, कोणीच नसलं तर भांडून बसलेला भाऊ. रोग्यासाठी पाणी आणायचं, मक्याच्या पिठाची न्सिमा रांधायची, डॉक्टरांचं ऐकून घ्यायचं आणि रोग्याला ते पाळायला लावायचं, हे सगळं सोबतीचं काम. रोग्याने नुसतं कण्हायचं. म्हणून कालेंगाच्या आमच्या आरोग्यकेंद्रात रोग्याचं बाक आहे आणि बाकाशेजारी, भिंतीला लागून, एक हिरवी प्लास्टिकची खुर्ची आहे. ती सोबतीची. तिचा एक हात तडकलाय, तो मी जाळ्याच्या दोऱ्याने घट्ट बांधून ठेवलाय. नर्सला बसायला काही नाही. नर्स उभी असते.

कालेंगाला रस्ता नाही. मागे डोंगर, पुढे सरोवर. होडीने जा, नाहीतर घरी बसा. आणि म्वेरा सुटला, म्हणजे तो दक्षिणेचा वारा, की होडीचंही नाव काढायचं नाही. मी न्यालोंग्वे, म्हणजे लोंग्व्यांची लेक. मी इथली नर्स, सुईण मीच आणि बऱ्याचदा झाडूवालीही मीच. डॉक्टर म्हणून जो आला तो पहिल्या म्वेऱ्यानंतर परत गेला. मग टेकडीवर टॉवर उभा राहिला, छपरावर सौर पत्रे बसले आणि तपासणीच्या खोलीत भिंतीवर एक स्क्रीन लागली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी मझुझु शहरातून डॉक्टर सोको त्या स्क्रीनवर येतात. मी इकडे रोग्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावते, ते तिकडे ऐकतात.

डॉक्टर तरुण आहेत, पण वळण जुन्या घरचं. रोग्याकडे बघायच्या आधी विचारणार, "सोबतीला कोण आलंय?" मग त्या माणसाची रीतसर विचारपूस. घरचे कसे आहेत, शेतात कसावा कसा आलाय, मासळी लागतेय का. मग आजार. मला सुरुवातीला चीड यायची. बाहेर रांग लागलेली, बॅटरी उतरत चाललेली आणि यांच्या मासळीच्या गप्पा.

"डॉक्टर, तोवर रोगी मरेल," मी एकदा म्हटलं.

"न्यालोंग्वे, गोळ्या रोगी खात नाही, सोबतीण खायला लावते. तिला खूश ठेवायला नको?"

पोरगा शहाणा आहे, हे मी मनात कबूल केलं. तोंडावर काही बोलले नाही. डॉक्टरांना फार चढवून ठेवू नये.

२

वायसन आजोबा आले त्या दिवशी सगळ्या होड्या मासळीला गेल्या होत्या. म्हाताऱ्याची बायको वारलेली, मुलं कुठे कुठे पांगलेली. पाय सुजून खांबासारखे झालेले, श्वास पुरेना. एकटेच काठी टेकत आले आणि बाकावर बसले. मी स्टेथोस्कोप लावला.

"सोबतीला कोण आलंय?" डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं. आणि कोणी काही बोलायच्या आतच त्यांचा चेहरा खुलला. "नमस्कार आजी! बसा, बसा."

मला वाटलं, हे मलाच म्हणतायत. माझे केस अजून निम्मे काळे आहेत. मी करड्या नजरेने पाहिलं, पण त्यांना ते दिसलंच नाही. ते माझ्याकडे बघतच नव्हते, थोडं बाजूला बघत होते. मग ते गप्प झाले. आमच्या स्क्रीनवर आवाज उशिरा पोचतो, म्हणून आम्ही दोघं एकमेकांसाठी थांबतो, त्याची सवय झालीय. तसलीच गप्पगार वेळ. फक्त डॉक्टर मान हलवत होते.

"असं होय," ते म्हणाले. "रात्री आडवं होताच येत नाही? भिंतीला टेकून बसतात? आणि वाळवलेली उसिपा मासळी खातात, मिठासकट?"

मी वायसन आजोबांकडे बघितलं. ते आपल्या पावलांकडे बघत बसले होते. त्यांच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता.

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बरं वाटलं आज. काय नीट सांगितलं हो आजींनी! आजोबांची कोण लागतात त्या?"

"कोण आजी?"

"त्या निळं कापड गुंडाळलेल्या. खुर्चीवर बसल्या होत्या ना."

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"डॉक्टर, खुर्चीवर कोणी नव्हतं."

ते मोठ्याने हसले. "तुमची चेष्टा कधी सुरू होते आणि कधी संपते, कळतच नाही. चला, पुढचा पाठवा."

मी पुढचा रोगी आत घेतला. कारण मला लगेच सुचलं होतं. डॉक्टर आमच्यासारखी अनेक गावं बघतात. दुसऱ्या कुठल्या गावची म्हातारी आमच्या चित्रात मिसळली असणार. फोनवर नाही का मधेच परक्या माणसाचं बोलणं ऐकू येत? तसंच. त्या रात्री मला छान झोप लागली.

३

वायसन आजोबा त्या महिन्यातच गेले. झोपेत, शांतपणे. ते जाणारच होते, त्यांचं हृदय मी ऐकलं होतं. मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं.

दफन झाल्यावर बायका त्यांचं घर झाडायला गेल्या. तिथून न्याकमांगा दोघीतिघींना घेऊन माझ्याकडे आली. गावातली कुठलीही बातमी पचवायची तिला सवय नाही.

"न्यालोंग्वे, म्हाताऱ्याकडे कोण येऊन राहिलं होतं गं?"

"कोण राहणार?"

"मग दोन ताटल्या कशा? धुऊन पालथ्या घातलेल्या, शेजारी शेजारी. आणि गोळ्यांचं पाकीट रिकामं. एक गोळी चुकवलेली नाही! बायको होती तोवर या माणसाने कधी औषधाला हात लावला नव्हता. कोणीतरी ठेवलेली दिसते म्हाताऱ्याने."

बायका हसल्या. दफनाच्या दिवशीही आमच्याकडे हसतात, त्यात काही वावगं नाही. मीही हसले. पण घरी येऊन जेवायला बसले तेव्हा माझी ताटली घेताना हात अडखळला. मी एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या मांडणीवर एकच ताटली पालथी असते, बाकीच्या पेटीत.

एकटा माणूससुद्धा कधी दोन ताटल्या वापरतो, मी स्वतःला सांगितलं. एक मासळीला, एक न्सिमाला.

४

मग एनेस आली. तिचा नवरा दक्षिण आफ्रिकेत खाणीत गेला तो तिकडचाच झाला. सासरच्यांनी तिचा खोकला ऐकून तिला वेगळी झोपडी दिली होती, गावाच्या टोकाला. जेमतेम तिशीची पोरगी, अंगावर मांस उरलं नव्हतं. तीही एकटीच आली.

तिला बाहेर बसलेली पाहिलं आणि मी एक गोष्ट केली. कशासाठी केली ते तेव्हा स्वतःशीही नीट बोलले नाही. आत जाऊन ती हिरवी खुर्ची उचलली आणि ओसरीवर नेऊन ठेवली. मग एनेसला आत घेतलं, दार लावलं आणि स्क्रीन सुरू केली.

"सोबतीला कोण आलंय?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अहो न्यालोंग्वे, आजींना उभं काय ठेवलंय? या वयाच्या बाईला?"

मी भिंतीकडे बघितलं. नुसती भिंत होती, आणि मुलांच्या लसीचं चित्र. स्क्रीनच्या कोपऱ्यात आमच्या खोलीचं छोटं चित्र दिसतं. त्यात बाक दिसतं, मी दिसते, आणि खुर्ची जागेवर असली की तिचा तेवढा दोरा बांधलेला हात दिसतो, बाकीची कडेला कापली जाते. आत्ता तिथे काहीच नव्हतं.

मी ओसरीवर गेले आणि खुर्ची आत आणून ठेवली. माझ्याच्याने दुसरं काही करवलं नाही.

"हां. बसल्या," डॉक्टर म्हणाले.

मग ते ऐकू लागले. माझ्या खोलीतली शांतता ते ऐकत होते आणि मी त्यांना ऐकताना बघत होते. पंखा फिरत होता. पत्र्यावर कसलंसं पाखरू नखं वाजवत होतं. खाली सरोवराचं पाणी वाळूत येत होतं, जात होतं. या आवाजांच्या पलीकडे डॉक्टर सोकोंना एक बाई बोलताना ऐकू येत होती. मधेच ते म्हणाले, "रक्त? कधीपासून?" आणि एनेसने दचकून मान वर केली. रक्त पडतं हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

सगळं झाल्यावर मी तिला हळूच विचारलं, "एनेस, तुझ्याबरोबर कोण आलंय?"

"माझं कोण आहे, न्यालोंग्वे?" ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात.

ती निघाली. दाराशी गेली, दार उघडलं, बाहेर पडली, आणि दार हाताने धरून थोडी थांबली. मागून कोणी येत असेल तर आपण थांबतो, तेवढीच. मग दार सोडून दिलं.

पुढे एनेस वारली तेव्हा न्याकमांगा काही सांगायला येण्याआधी मी स्वतः तिच्या झोपडीत जाऊन आले. तिच्या चटईला लागून दुसरी चटई पसरलेली होती. उशाशी ओल्या फडक्याची घडी होती. कपाळावर ठेवायला करतात तशी, चौकोनी.

५

आता कोणी म्हणेल, हे वर कळवायला हवं होतं. काय कळवणार? नर्सला खुर्चीवर म्हातारी दिसत नाही, असं? वर बसलेली माणसं मला सरळ रजेवर पाठवतील आणि जाताना स्क्रीनही उचलून नेतील. त्या स्क्रीनने किती पोरं वाचवलीत ते मला माहीत आहे. डॉक्टरांशी बोलायचं तर ते हसणार, किंवा हसणार नाहीत, आणि ते जास्त वाईट.

म्हणून मी गप्प राहिले आणि लक्ष ठेवलं. एक तरणा मुलगा तळहातात गळ घुसवून एकटाच आला. डॉक्टरांची नजर कुठे जाते ते मी बघत होते. डॉक्टर त्याच्याशीच बोलले, त्याच्यावरच ओरडले, आजी कुठेच नव्हत्या. एक व्यापारी पोटदुखी घेऊन आला, एकटा. तेव्हाही नाही. दोघंही बरे होऊन आपापल्या कामाला लागले.

म्हणजे ती एकट्या माणसाबरोबर येते, पण प्रत्येक एकट्याबरोबर नाही. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी इंजेक्शनच्या सुया मोजत होते. मोजणं तिथेच राहिलं.

तरी मन म्हणत होतं, दोनच तर झाले. दोघंही जाणारेच होते.

६

टेम्वा होडीने आली तेव्हा मी किनाऱ्यावर गेले नाही. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आईबाप गेल्यावर मीच वाढवली. मझुझुला मास्तरीण व्हायला पाठवली होती आणि ती आठ महिन्यांचं पोट घेऊन परत आली. पोराच्या बापाचं नाव विचारलं तर म्हणाली, "त्याचं नाव घेऊन काय करू आत्या, तो घेतोय का माझं?"

मी जास्त विचारलं नाही. खरं तर मी काहीच बोलत नव्हते. तिच्यासमोर ताट ठेवायचं, दिवा विझवायचा आणि माझ्या खोलीत जायचं. तीही माझ्याच हट्टाची. आम्हा लोंग्वे बायकांचं भांडण असंच असतं, आवाज न करता.

एका मंगळवारी पहाटेपासून म्वेरा सुटला. सरोवर पांढरं झालं होतं आणि होड्या वाळूत वर ओढून ठेवल्या होत्या. दुपारी टेम्वा स्वतःच दवाखान्यात आली. चेहरा सुजलेला, बोटं सुजलेली. ती बाकावर बसली आणि मी मुकाट्याने बीपीचा पट्टा बांधला. काटा जिथे गेला तिथे तो जाऊ नये. मी पुन्हा घेतलं. तेवढंच.

"सोबतीला कोण आलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

टेम्वाने माझ्याकडे बघितलं. मी पट्टा गुंडाळत होते.

"आधी रोगी बघा, डॉक्टर," मी म्हटलं. "बीपी फार आहे."

"बघतो, बघतो." आणि मग त्यांची नजर बाजूला गेली, चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं. "नमस्कार आजी. तुम्ही आहात होय, मग काळजी नाही."

माझ्या हातातला पट्टा सुटून खाली पडला.

डॉक्टर ऐकत होते. मान हलवत होते. वाऱ्याने पत्रे थडथडत होते, आणि तरी त्यांना नीट ऐकू येत होतं. मग ते टेम्वाला म्हणाले, आवाज अगदी मऊ करून, "काल रात्रभर डोकं धरून बसली होतीस? डोळ्यांपुढे काजवे चमकत होते? मग कोणाला हाक का नाही मारलीस, बेटा? पलीकडच्या खोलीत माणूस होतं ना?"

 टेम्वाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते तिने पुसलंही नाही. पलीकडच्या खोलीत मी होते. जागी होते. तिच्या खाटेची करकर मला ऐकू येत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते.

"आत्या," टेम्वा म्हणाली, "मला तू दिसत नाहीयेस नीट."

आणि ती बाकावरून माझ्या अंगावर कोसळली.

७

झटके आले की काय करायचं ते माझ्या हातांना पाठ आहे. तिला खाटेवर कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला, मॅग्नेशियमची इंजेक्शनं भरली, दोन्ही कुल्ल्यांत दिली. डॉक्टर सांगत होते, पण मी त्यांच्या पुढेच होते. हळूहळू तिचे हातपाय सैल पडले. श्वास चालू राहिला, जड, घरघरता. पोराचे ठोके लागत होते.

"छान," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "आता वारा पडेपर्यंत हिच्या श्वासावरून नजर हलवायची नाही. श्वास मंदावला, गुडघा हातोडीला उडेनासा झाला की सांगायचं. होडी निघेल तेव्हा हिच्याबरोबर कोणीतरी हवं. आजी म्हणतायत, तुम्ही तुमचं काम करा, मी बसते तिच्याजवळ."

"नाही," मी म्हटलं.

"काय?"

"त्यांना नको म्हणावं. मी बसते."

"न्यालोंग्वे, तुम्ही नर्स आहात. बाहेर रांग आहे."

"रांग गेली खड्ड्यात! मी तिची आत्या आहे. तिच्या सोबतीला मी आलेय. मी, डॉक्टर. लिहून घ्या, ऐकून घ्या, काय हवं ते करा, पण तिच्या सोबतीला दुसरं कोणी आलेलं नाही."

मी हे त्यांना सांगत नव्हते. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते नुसते बाजूला बघत राहिले. 

सोबतीला आलेलं माणूस कुठे बसतं ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी इतका वेळ उभी होते. आजवर त्या खुर्चीवर मी एकदाही बसले नव्हते. मी खुर्चीसमोर गेले. ती रिकामी होती, मला दिसत होतं की रिकामी आहे. आणि तरी तिच्यावर टेकायला माझं अंग तयार होईना. भरलेल्या जागेवर बसायला कोणाचंच अंग तयार होत नाही.  मी म्हटलं, "आजी, उठा. माझी मुलगी आहे ही."

आणि बसले.

खुर्ची गरम होती. उन्हाने तापते तशी नाही, माणूस उठून जातं तेव्हा असते तशी. मी टेम्वाचा हात धरला आणि समोर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या चित्राकडे माझी नजर गेली. त्यात खुर्चीचा दोरा बांधलेला हात होता. त्यावर माझा हात होता, माझं घड्याळ. आणि माझ्या हाताच्या वर आणखी एक हात होता, सुरकुतलेला, बोटं पसरलेली, उठताना आपण आधाराला टेकवतो तसा. बघता बघता तो उचलला गेला आणि चित्राच्या कडेबाहेर गेला.

"उठल्या आजी," डॉक्टर हळूच म्हणाले. मग ऐकलं. मग माझ्याकडे सरळ बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा. "विचारतायत, आणि तुझ्या सोबतीला कोण आहे?"

 पत्रे थडथडत होते. मी टेम्वाचा श्वास मोजत राहिले.

८

संध्याकाळी वारा पडला आणि होडी निघाली. टेम्वाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात तिचं पोट फाडून मुलगी काढली, मुठीएवढी, पण हट्ट लोंग्व्यांचा. दोघी जगल्या. आता टेम्वा परत मझुझुला शिकते, मुलगी तिच्याजवळच असते. आमचं बोलणं फोनवर होतं, आणि आम्ही आता आवाज करून भांडतो.

तेव्हापासून कालेंगात कोणीही स्क्रीनपुढे एकटं बसत नाही. कोणी एकटं आलं की मी रांगेतलं दुसरं माणूस ओढून खुर्चीवर बसवते. न्याकमांगा तर म्हणते, "हिच्या दवाखान्यात यायचं म्हणजे स्वतःची खरूज दाखवायची आणि परक्याचं गळू बघायचं." बोलू दे तिला. ती सगळ्यात जास्त वेळा बसली आहे त्या खुर्चीवर, आणि ज्याच्यासोबत बसली त्याच्या घरी नंतर कालवणही पोचवून आली आहे. डॉक्टरांच्या तोंडून आजींचं नाव पुन्हा निघालं नाही. मी विचारलं नाही.

हे सगळं आज सांगते आहे, कारण आज पुन्हा मंगळवार होता आणि म्वेरा सुटला होता. एकही रोगी आला नाही. औषधं किती उरलीत तेवढं सांगावं म्हणून मी स्क्रीन सुरू केली.

"आज कोणी नाही, डॉक्टर. मी एकटीच आहे."

 डॉक्टरांची नजर बाजूला गेली. ते हसले नाहीत. ऐकत राहिले, बराच वेळ, आणि ऐकता ऐकता त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"न्यालोंग्वे," ते म्हणाले, "ती काखेतली गाठ कधीपासून आहे?"

सरोवरावर आंघोळ करताना ती माझ्या हाताला लागली होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला पलीकडच्या खोलीत कोणी नव्हतं, आणि असतं तरी सांगितलं नसतं. नर्स माणूस, माझी मला कळते, असं मी स्वतःला समजावत आले होते.

मी खुर्चीकडे बघितलं नाही. फोन काढला आणि टेम्वाला लावला.

"टेम्वा, ये," मी म्हटलं. "बसायला कोणीतरी हवंय."

 तिने कशासाठी, काय झालं, असलं काही विचारलं नाही. "वारा पडला की पहिल्या होडीने निघते, आत्या," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत पोचते. तोवर एकटी राहू नकोस."

मी फोन ठेवला. स्क्रीनवर डॉक्टर मान हलवत होते. कोणाला तरी हो म्हणत होते.

"आजी म्हणतायत," ते म्हणाले, "ती येईपर्यंत मी बसते."

मी फडकं घेतलं आणि खुर्ची पुसली, हातसुद्धा, दोऱ्याच्या फटीतली धूळसुद्धा. मग वळले आणि जाऊन बसले. बाकावर.